चौकोनांची ओळ

“आधी अक्षरं उभी कर गं, छप्पर शेवटी.”

मी लिहायला शिकत होते, तेव्हाचा हा ताईचा आवाज. छप्पर म्हणजे शिरोरेषा.

पुढचं सगळं खरं आहे. पटवून द्यायचा हट्ट नाही. गेल्या मंगळवारी भर दुपारी, आमच्या पाणीपुरवठा कार्यालयात, माझ्या डोळ्यांसमोर घडलंय.

तिथले जुने संगणक म्हणजे नुसते काळे पडदे. चित्र नाही, माऊस नाही. आपली अक्षरं त्यांना ठाऊकच नाहीत. प्रत्येक अक्षराच्या जागी रिकामा चौकोन उमटतो. तिथेच नोकरीला असलेल्या ताईने मण्यांसारखा ठिपका ठिपका ओवून आपली अक्षरं घडवली आणि एकेका यंत्रावर बसवली.

दोन वर्षांपूर्वी ती आतल्या यंत्रखोलीत अडकली. कुलूप बिघडलं. आत पंख्यांची घरघर, हाक बाहेर पोचत नाही. दम्याची बाई, औषध बाहेर पर्समध्ये... दार उघडलं तेव्हा ती गेलेली होती.

बाहेर एकटे काका होते, तिचे वरिष्ठ.

“माझ्या पडद्यावर निरोपसुद्धा आला नाही गं पोरी,” एवढंच ते सांगत आले.

मला कधी पटलं नाही. समोर यंत्र असताना ताई गप्प बसेल?

म्हणून तिच्याच जागेवर नोकरी धरली.

मंगळवारी काकांचं यंत्र रुसलं. दुरुस्तीला मी बसले. आत शोधलं, तर ताईची अक्षरं त्यात नव्हतीच. कधी बसवलेलीच नव्हती.

नेटवर्कची वायर काढली. पडद्यावरचं सगळं पुसलं.

आणि...

एक चौकोन. मग दुसरा. मग ओळभर.

“काका, दुसऱ्या यंत्रावरून माझी फिरकी घेताय?”

“चहा ढवळतोय बाई. दोन्ही हात दिसतायत ना?”

वायर माझ्या मांडीवर होती.

चौकोन विरघळू लागले. त्यांच्या जागी अक्षरं उभी राहिली... बोडकी, छपराविना.

मग डावीकडून एक रेघ हलकेच सरकत आली.

‘काका, दार उघडा. श्वास अडकतोय.’

चमचा थांबला.

“हे तुम्ही आधी पाहिलंय,” मी म्हणाले.

“असं नाही पाहिलं...”

ती अक्षरं कुठून आली, मला आजही सांगता येत नाही. त्या पडद्याकडे पाठ करून मला बसवत नाही.

काकांनी कप बाजूला सारला.

“रोज विचारायची, माझी अक्षरं बसवलीत का? कटकट नको म्हणून हो म्हटलं. बसवली नव्हती.”

“मग त्या दुपारी?”

“चौकोनांची ओळ आली होती. वाचता आली नाही. पण तिचीच आहे, हे कळलं होतं मला... मी ती पुसली, आणि जेवायला गेलो.”