भेगेतला हात

हट्टा गावाजवळ अनुसयाबाईंच्या रानातली हळद निघाली की काळी भुई अशी उलते, की भेगेत कोपरापर्यंत हात जावा. ऐश्वर्या त्या भेगांसाठीच आली होती. ती शिल्पकार. माणूस आणि माती यांच्या नात्यावर तिचं नांदेडला प्रदर्शन भरणार होतं. भेगेत पातळ प्लास्टर ओतायचं, ते घट्ट झालं की भोवतीची माती खणायची; जमिनीच्या पोटातल्या पोकळीचा आकार हाती येतो. काम एवढंच.

अनुसयाबाई आखाड्यावर, म्हणजे रानातल्याच खोपटात, एकट्याच राहायच्या. चहा करून द्यायच्या आणि बांधावर बसून बघायच्या.

"भेगंची मूर्ती कोन घेनार, बाई?"

"घेत नाहीत, मावशी. बघतात."

पहिले दोन दिवस खडबडीत, मुळांसारखे तुकडे निघाले. तिसऱ्या दिवशी विहिरीकडच्या भेगेतून हात निघाला.

मनगटापर्यंतचा, तळवा उघडा. ऐश्वर्याने माणसांच्या हातांचे साचे पुष्कळ काढले होते. नखांच्या कडा, सांध्यांवरच्या सुरकुत्या, कातडीची छिद्रं. ढेकळात हे उमटत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ओल्या मातीत कुणी हात रोवला असेल म्हणावं, तर हळद काढल्यापासून तिथं पाण्याचा थेंब पडला नव्हता.

करंगळी वाकडी होती.

अनुसयाबाईंनी आपला उजवा हात शेजारी धरला. मळणीयंत्रात मोडलेली त्यांची करंगळी तशीच, त्याच सांध्यात वाकलेली.

"ह्यो माजा हात हाय," त्या सावकाश म्हणाल्या. "पन म्या काहून घालू तिथं?"

ऐश्वर्याने त्याच भेगेत थोडं पुढं पुन्हा प्लास्टर ओतलं. दुसऱ्या सकाळी तोच हात निघाला. आता बोटं अर्धी मिटलेली होती, काहीतरी धरायला निघाल्यासारखी.

"मी सामान आवरते, मावशी."

"अजून एकडाव ओत," अनुसयाबाई म्हणाल्या. "माजा हात काय करून राहिला, ते मला कळू दे."

त्या संध्याकाळी तिने विहिरीच्या आणखी जवळ दोन ठिकाणी ओतलं.

सकाळी दोन्ही तुकडे खणून काढले. प्लास्टरला चिकटून सुकलेल्या काळ्या मातीने ते इतके माखले होते की काहीच दिसेना. धुवायला पाणी हवं म्हणून ऐश्वर्या बादली घेऊन विहिरीवर गेली. विहिरीला कठडा नव्हता. ती वाकली आणि पायाखालची कड ढासळली.

ओरडायलाही वेळ मिळाला नाही. कुणीतरी तिचा हात पकडला. खांद्यातून कळ गेली. अनुसयाबाई पालथ्या पडून, दात आवळून तिला वर ओढत होत्या.

दोघी कडेपासून लांब सरकल्या. ढेकळं पाण्यात पडल्याचे आवाज थांबले. शेवटी अनुसयाबाईच उठल्या, दुसऱ्या बादलीला दोर बांधून लांबूनच पाणी शेंदलं आणि पहिल्या तुकड्यावर ओतलं.

दोन हात. वाकड्या करंगळीच्या हाताने दुसरा, तरुण हात मनगटाशी घट्ट धरला होता. तरुण हाताच्या अंगठ्याखाली भाजल्याचा व्रण होता. ऐश्वर्याने स्वतःच्या अंगठ्याखाली पाहिलं; तोच व्रण. तिच्या मनगटावर अनुसयाबाईंच्या बोटांचे लाल वळ होते. साच्यातली बोटं नेमकी तिथंच होती.

प्लास्टर काल संध्याकाळी ओतलेलं.

"वाचलीस," अनुसयाबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा सैल झाला होता. "हेच सांगून राहिली व्हती भुई. आता झालं, बाई."

ऐश्वर्याने मान हलवली. बादलीत उरलेलं पाणी तिने दुसऱ्या तुकड्यावर ओतलं. माती हळूहळू ओघळली.

त्यात एकच हात होता. अंगठ्याखाली व्रण, मनगटावर आजचेच वळ, पाचही बोटं वर ताणलेली.

तो कुणीही धरलेला नव्हता.