मानेपाशी भेटलेल्या कडा

टक्… टक्.

दुपारच्या शांततेत दाराची कडी वाजली आणि ती धावतच दाराशी गेली. लेक आत्ता कुठे झोपली होती!

दारात खोकं छातीशी धरून एक तरुण मूर्तिकार उभा. मेडिकल कॉलेजच्या नव्या दालनासाठी गर्भातली मज्जासंस्था कशी घडते, त्याचे नमुने त्याने केले होते.

"डॉक्टरबाई आहेत? तुमच्या आई असतील…"

"डॉक्टरबाई मीच."

"अरेच्चा! मला वाटलं, चष्मा, अंबाडा…"

"चष्मा उशीखाली आहे. दाखवा."

त्याने नमुने टेबलावर मांडले. आधी सपाट पान, मग उचललेल्या कडा, मग पन्हळ, शेवटी मिटत आलेली नळी. इतकं नाजूक काम, की ती श्वास घ्यायचीच विसरली.

"सुंदर… पण शेवटचा चुकलाय."

त्याचे कान लाल झाले. "विभागप्रमुखांनी पास केलाय. फक्त तुमची सही हवी."

"नाही मिळणार. तुम्ही नळी खालून वर मिटवलीत, पिशवीच्या चेनसारखी." तिने खांद्यावरच्या टॉवेलच्या दोन कडा मधोमध एकत्र आणल्या. "कडा आधी इथे भेटतात, मानेपाशी. मग एकीकडे डोक्यापर्यंत मिटत जातात, दुसरीकडे पाठीच्या टोकापर्यंत. टोकं उघडी राहिली तर मेंदू, कणा धड घडत नाही. मुलं यावर बोट फिरवून शिकणार हो… चुकीचं कसं शिकवू?"

आता हा तणतणत जाणार, तिला वाटलं.

त्याने नळी उचलली आणि सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकली!

"माझ्या हातचं खोटं कुठे उभं राहणार नाही," तो मान ताठ करून म्हणाला. "माती गाडीत आहे. इथेच करू? तुम्ही चुका काढा."

"त्यात माझा हात कोणी धरणार नाही."

ओल्या मातीवर त्याचे अंगठे सरकू लागले. "इथे?"

"नाही, जरा वर…" तिने त्याचा अंगठा हलवला. मग बोट उचलायचं राहूनच गेलं.

"इतकं कुणी टोकलं नव्हतं मला."

"राग आला?"

"आला. गेला. आता वाटतंय… रोज टोकावं तुम्ही."

"रोज? नमुना तर आज संपेल."

"त्याचीच भीती वाटतेय."

ती हसली. कितीतरी दिवसांनी, अशी मोकळी. "मग उद्या या. खोकं न आणता."

डोळे चोळत लेक आली, मातीला नाक लावून बघू लागली.

"बाळाचा मेंदू, अगदी सुरुवातीचा," आई म्हणाली. "काकांनी केलाय."

"आणि आईने करून घेतलाय," तो म्हणाला. "तुझ्या आईला सगळं येतं."

"येतंच मुळी!" आई ऐटीत म्हणाली. "विचार, काहीही विचार."

लेकीने बराच वेळ डोकं खाजवलं.

"आई… याच्यात पहिला विचार कुठला येतो?"