बारा गोठलेल्या कुप्या

“कोणत्या शहाण्याने केलं हे?”

प्रयोगशाळेतल्या डीप फ्रीझरचं दार सताड उघडं टाकून ती ओरडली. तिच्या बारा कुप्या आत दगड होऊन बसल्या होत्या. तीन आठवड्यांची मेहनत! मेदाचे इवलेसे फुगे ते... कॅन्सरच्या पेशीत शिरून चमकायचे आणि पोटातलं औषध तिथेच सोडायचे. गोठले की फुटले, खेळ खलास. आणि परवा परीक्षक येणार होते. चमक दिसली नाही तर तिचं काम कायमचं बंद.

“मी...” मागून आवाज आला. शेजारच्या खोलीत पेशी वाढवणारा, नवीनच आलेला उंच तरुण. “तुमचा फ्रिज बंद पडला होता. म्हटलं, वाचवू या. आमच्याकडे सगळं गोठवूनच जपतात.”

“तुमच्याकडे! हा उपकार सांगितला होता कुणी?”

“चुकलंच. पुन्हा करू या ना, परीक्षकांपुरती एक कुपी तरी. मी आहे की.”

“तुम्ही आहात, हाच तर ताप आहे!”

पण गडी चिवट निघाला. दोन दिवस तिच्यासमोर ठाण मांडून बसला. मध्ये बारीक जाळी, दोन्ही बाजूंना सिरिंज. एकदा तिने दाबायची, एकदा त्याने, अशा एकवीस खेपा झाल्या की फुगे एकसारखे होतात. तेराव्या खेपेला त्याचं बोट तिच्या बोटाला लागलं...

“किती झाल्या?” तिने दरडावलं.

“विसरलो.”

“लक्ष कुठे असतं तुमचं?”

“सांगू?”

“काही नको!” तिचे कान तापले. आकडा तीही विसरली होती, आणि त्याचाच तिला भयंकर राग आला. दोघांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

तिसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर पेशी हिरव्यागार चमकल्या. परीक्षक खूश होऊन गेले, आणि विभागप्रमुख त्याच्यावर घसरले. “आधीच्या कुप्या तुम्हीच नासवल्यात ना? उद्यापासून येऊ नका.”

तो मान खाली घालून उभा. तिचं मात्र डोकंच फिरलं.

“सर, फ्रिज बिघडलाय म्हणून मी तीनदा लिहून दिलं. तुम्ही ढुंकून पाहिलं नाहीत! आणि खापर यांच्यावर? हे जाणार असतील तर मीही चालले.”

“बरं बरं, राहू द्या,” पुटपुटत सर सटकले.

“माझी बाजू घेतलीत?” त्याने हळूच विचारलं.

“बाजू कसली! तुम्हाला बोलायचा हक्क माझा. दुसऱ्या कुणी बोललेलं मला खपणार नाही.”

“आणि हा हक्क... कधीपर्यंत?”

ती अजून रागातच होती.

“जन्मभर. काही म्हणणं आहे?”