डावीकडचा खिळा

ही गोष्ट ऐकीव नाही. माझ्या सख्ख्या धाकट्या भावाच्या घरात घडली आहे. ज्या जिभेने रोज पहाटे देवाचं नाव घ्यायचं, तिच्यावर खोटं ठेवायचं नाही, एवढा माझा साधा नेम आहे. तेव्हा पटलं तर घ्या, नाही पटलं तर सोडून द्या. पण खोटं म्हणू नका.

आणि आधीच सांगते, रात्र नव्हती.

मंगळवार होता. दुपारचे सव्वातीन. स्वयंपाकघरामागची दहा बाय आठची खोली. एक दार, एक खिडकी, आणि खिडकीतून आलेलं लख्ख ऊन.

भुताने यायची ही वेळच नव्हे.

पण सुरुवातीपासून सांगते.

माझ्या भावाला घरात सगळे अर्धेराव म्हणायचे. हाती घेतलेलं एक काम पुरं करील तर शपथ! घड्याळ उघडलं, ते डब्यातच राहिलं. बासरी घेतली, तीन सूर आले आणि सुटली. कपाटाचं एक दार बसवलं, दुसरं चार वर्षं भिंतीला टेकून उभं आहे.

भावजय शिवणकाम करते. निम्मं घर तिच्या मशीनवर चालतं. त्या जुन्या पायमशीनच्या चाकातलं बुश झिजलं. बुश म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती पितळी बांगडी. मशीन खडखडायला लागलं, टाके सुटायला लागले. तो भाग आता कुठे मिळत नाही.

"मी करतो," अर्धेराव म्हणाला. "लहान लेथ घेतो. घरीच बुश कातून देतो."

"तुम्ही?" भावजय दोरा दाताने तोडत म्हणाली. "आधी कपाटाला दार लावा."

तेच त्याला झोंबलं.

दोन गल्ल्या सोडून एक टर्नरकाका राहायचे. लेथवर लोखंड-पितळ कातण्यात जन्म गेला त्यांचा. वर्षापूर्वी ते वारले. टर्नरकाकूंनी त्यांचा लहान लेथ अर्धेरावाला दिला, अगदी मातीमोलाने. सोबत हत्यारं टांगायची एक फळीही दिली. प्रत्येक हत्याराची आकृती तिच्यावर रंगाने काढलेली. फक्त लेथच्या चावीला दोन खिळे होते. एक अगदी उजवीकडे, एक अगदी डावीकडे.

"चावी एक आणि खिळे दोन?" अर्धेरावाने विचारलं.

 काकू एवढंच म्हणाल्या, "चावी जागेवर ठेवत जा हो. विसरू नका."

लेथ घरी आणायला गल्लीतला वेल्डर मदतीला आला. दोघांनी घामाघूम होऊन ते धूड टेबलावर चढवलं. जाताना वेल्डर म्हणाला, "हे बघ, हा गोल फिरणारा भाग म्हणजे चक. जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, यात धरायचा आणि या चावीने आवळायचा. आवळून झालं की चावी काढायची. ती आत राहिली आणि तू बटण दाबलंस, तर गोफणीतल्या दगडासारखी सुटेल. समोर कोण आहे ते बघणार नाही."

"हो रे, मी काय लहान आहे?"

मग सुरू झाला वैताग.

त्या खोलीत पूर्वी कपडे धुवायचे. त्यामुळे फरशीला मोरीकडे उतार. लेथ मात्र अगदी सपाटीत बसायला हवा, नाहीतर कातलेला दांडा एका टोकाला जाड, एका टोकाला बारीक येतो. अर्धेरावाने लेव्हल, म्हणजे सपाटी दाखवणारी बुडबुड्याची नळी, ठेवली. बुडबुडा डावीकडे. एका पायाखाली पत्र्याचा तुकडा सारला. बुडबुडा उजवीकडे. अर्धा तुकडा काढला. पुन्हा डावीकडे.

आठ दिवस हेच.

पत्रा कमी पडला म्हणून भावजयीच्या बटणांच्या डब्याचं झाकण कापलं. त्यावरून घरात जे रामायण झालं ते सांगत नाही.

कसाबसा बुडबुडा मधे आला. नट आवळले... तर पुन्हा सरकला. अर्धेरावाने पाना जमिनीवर आपटला. पाना उडून त्याच्याच पायावर पडला.

"कसं चाललंय?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

"मस्त!" तो पाय धरून ओरडला.

आणि त्यात ती चावी.

फळी त्याने दाराशेजारी लावली होती, लेथपासून चार पावलं. दर वेळी चार पावलं कोण जाणार? जॉब काढताना चावी लागतेच, म्हणून तो ती चकमध्येच ठेवायचा. मशीन बंदच असतं, काय बिघडतंय?

एका दुपारी तो पाणी प्यायला बाहेर गेला. परत आला तर चकमध्ये चावी नाही.

टेबलाखाली नाही. पत्र्याच्या तुकड्यांत नाही.

वळून पाहिलं...

डावीकडच्या खिळ्यावर.

"अगं, माझ्या वस्तूंना हात लावू नकोस गं!"

"मी?" भावजय हातात कात्री घेऊनच आली. "माझ्या बटणांच्या डब्याचं झाकण खाणाऱ्या त्या खोलीत मी पाय ठेवते होय?"

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. तो चावी चकमध्ये सोडून दाराबाहेर जायचा, आणि परत यायचा तेव्हा...

डावीकडच्या खिळ्यावर.

त्याला भीती वाटली नाही. खरं सांगते, त्याला संताप आला. बुडबुडा ऐकत नाही, दांडा तिरपाच येतो, बायको हसते, आणि वर कोणीतरी थट्टा करतंय.

शनिवारी त्याने पक्का बंदोबस्त केला. चावी चकमध्ये घातली. तारेने चकला बांधली. पक्कडीने तारेला सात पीळ दिले. खिडकी लावली. दाराला कुलूप घातलं, कुलपाची किल्ली खिशात ठेवली. आणि दारासमोरच खुर्ची टाकून बसला. भावजय त्याच्यासमोर कापड बेतत होती.

अर्धा तास गेला.

आत काहीच नाही.

मग...

टिंग.

लोखंडाच्या खिळ्याला लोखंड लागल्यावर येतो, तेवढाच आवाज.

भावजयीची कात्री थांबली. अर्धेरावाने कुलूप उघडलं.

खिडकी बंदच होती. चावी डावीकडच्या खिळ्यावर होती. किंचित हलत होती.

आणि तार टेबलावर. तुटलेली नव्हती. सातही पीळ उलगडून, वळी करून, टोक आत खोचून ठेवलेली. मुरलेला कामगार ठेवतो तशी.

त्याच संध्याकाळी तो टर्नरकाकूंकडे गेला. सगळं सांगितलं. 

काकू हळूच म्हणाल्या, "कुठल्या खिळ्यावर?"

"डावीकडच्या."

त्यांनी पदर तोंडाला लावला.

"उजवा खिळा ह्यांचा. डावा माझ्या दिराचा. दोघे भाऊ एकाच मशीनवर. दीर डावखुरा होता, म्हणून त्याचा खिळा वेगळा. तो शिस्तीचा, आणि हे विसरभोळे. दहादा विसरायचे, दहादा तो चावी काढून आपल्या खिळ्यावर लावायचा. म्हणायचा, दादा, एक दिवस कुणाचा तरी जीव घेशील."

"मग?"

"एक दिवस तो समोर उभा होता... आणि ह्यांनी बटण दाबलं."

अर्धेराव उठायला लागला.

"घाबरू नका," काकू म्हणाल्या. "तो वाईट नाही हो. तो फक्त काढतो."

अर्धेराव घरी आला. भावजयीला काही सांगितलं नाही. लेथ परत द्यावा असं मनात आलं होतं. पण मशीन खडखडत होतं, तिची गिऱ्हाइकं परत जात होती, आणि कपाटाचं दार भिंतीला टेकून त्याच्याकडे बघत होतं. हेही अर्धं टाकलं तर बायकोला तोंड कसं दाखवायचं?

सोमवारी पहिल्यांदा दांडा सरळ आला! या टोकाला मोजला, त्या टोकाला मोजला. केसाचाही फरक नाही. तीन आठवड्यांचा वैताग एका क्षणात उतरला.

"अगं ए, ये लवकर! बघ तरी!"

त्याने घाईघाईने बुशाचं पितळ चकमध्ये धरलं, आवळलं. भावजय हात पुसत आली आणि बरोब्बर लेथच्या समोर उभी राहिली.

"दाखवा, काय दिवे लावलेत ते."

त्याने बटणाकडे हात नेला.

टिंग...

पाठीमागून.

तोवर बटण दाबलं गेलं होतं. चक गरगरा फिरला. पितळ सोन्यासारखं चमकलं.

"काय पडलं मागे?" भावजयीने विचारलं.

अर्धेरावाने वळून पाहिलं. डावीकडच्या खिळ्यावर चावी हलत होती.

ती त्याने काढली नव्हती. आवळून झाल्यावर तो फळीकडे गेलाच नव्हता. त्याला शंभर टक्के आठवत होतं.

भावजय त्याच्या समोर उभी होती. दोन हातांवर.

त्याने मशीन बंद केलं आणि तिथेच जमिनीवर बसला. ती म्हणाली, "अहो, चांगलं तर झालंय, रडताय कशाला?"

त्या दिवसापासून विसरणं संपलं. जॉब आवळला की चार पावलं चालायची. चावी उजव्या खिळ्यावर. हात लावून खात्री करायची. मग बटण.

पण गंमत अशी...

आवाज थांबला नाही.

चावी उजव्या खिळ्यावर डोळ्यांसमोर लटकलेली. तरी बटणाकडे हात गेला की डावीकडून... टिंग. वळून पाहावं तर डावा खिळा रिकामा.

जणू कोणी आपली स्वतःची चावी जागेवर ठेवत होतं. सांगत होतं, झालं, आता चालू कर.

पहिल्या दोन वेळा त्याच्या अंगावर काटा आला. मग सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते हो. पुढे पुढे तर तो आवाजाची वाट पाहायचा. टिंग झालं की बटण. आठवडाभरात आधी बाहेरून कातून झालं, मग आतलं भोक पाडून झालं. बुश हळूहळू आकाराला आलं. एक शेवटची हलकी कात, म्हणजे पितळाचा शेवटचा पापुद्रा उतरवणं, तेवढी राहिली.

आणि मग पुढच्या आठवड्यातला तो मंगळवार. सव्वातीन.

भावजय दारात उभी होती. आज बुश मिळणार म्हणून मशीन पुसून, तेल घालून ठेवलेलं. अर्धेरावाने जॉब आवळला. चार पावलं चालला. चावी उजव्या खिळ्यावर. हात लावून पाहिलं. परत आला.

बटणाकडे हात नेला. थांबला.

...

काहीच नाही.

त्याने हात मागे घेतला. पुन्हा नेला.

शांत.

चावी पाहिली, जागेवर. चक हाताने फिरवला, मोकळा. जॉब हलवून पाहिला, घट्ट. पट्टा, टूल, नट, सगळं पाहिलं. तीनदा पाहिलं. कुठे चूक नव्हती.

तरी आवाज नाही.

खिडकीबाहेर एक सायकल गेली, तिची घंटी वाजली. नळ ठिबकत होता, तो ऐकू येत होता. फक्त तेवढं एक ऐकू येत नव्हतं.

कपाळावरचा घाम डोळ्यांत गेला. एकच कात! दोन मिनिटांचं काम! एक महिना ज्याच्यासाठी डोकं फोडलं ते समोर, आणि बोट पुढे जात नाही.

"छे!" तो ओरडला. "आता काय विसरलो मी? सांग ना!"

तेव्हा दारातून भावजय बोलली. अगदी हळू.

"अहो... आज वाजलं नाही."

त्या रोजच्या आवाजाबद्दल त्याने तिला कधीच काही सांगितलं नव्हतं.

"तुला..."

"रोज ऐकते मी. स्वयंपाकघरातून." तिचा चेहरा कापडासारखा पांढरा झाला होता. "राहू दे ते बुश. बाहेर या. आधी बाहेर या."

तो बाहेर आला. कुलूप घातलं.

आतून काही कोसळलं नाही, काही फुटलं नाही. काही म्हणजे काही झालं नाही. वेल्डरला बोलावून मशीन तपासून घ्यायचं तर त्याला आत कसं पाठवायचं? आणि न पाठवता कळणार कसं?

याला आता पाच महिने झाले. बुश अजून त्या चकमध्येच आहे, एका कातीने अर्धं. भावजय हाताने शिवते, होईल तेवढं. जी बाई कपाटाच्या दारावरून चार वर्षं टोमणे मारत होती, ती बुशाबद्दल चकार शब्द काढत नाही. त्याला आता कोणी अर्धेराव म्हणत नाही.

मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेले होते. दुपारी बोलता बोलता दोघं एकदम गप्प झाली. घड्याळात सव्वातीन वाजले होते. भाऊ उठला, त्या बंद दाराला कान लावून उभा राहिला. मी मनातल्या मनात नामस्मरण सुरू केलं.

पाच मिनिटांनी तो परत येऊन बसला.

"वाजलं?" भावजयीने विचारलं.

त्याने मान हलवली. नाही.

मग माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, तो निघून गेला असेल तर प्रश्नच नाही. मी आत्ता जाऊन बुश पुरं करीन. पण तो गेला नसेल... आणि काही धोका दिसतोय म्हणून मुद्दाम वाजवत नसेल, तर?"