साडेतीन बोटं

गाडीखाली पुठ्ठा सरकवायचा, रात्रभर ती तशीच उभी ठेवायची आणि सकाळी डाग कुठे पडला ते पाहायचं, ही ऑइलची गळती शोधायची पहिली पायरी. पण डागावर भरवसा ठेवू नये. ऑइल सुटतं एकीकडून, वाऱ्यानं मागे पळतं आणि टपकतं भलतीकडेच. तेवढ्यावर निकाल दिला, तर चोर सोडून संन्याशाला फाशी. म्हणून इंजिन रॉकेलनं धुवायचं, कोरडं करायचं आणि वर अंगाला लावायची साधी पावडर भुरभुरायची. मग इंजिन चालू केलं की पांढऱ्यावर पहिला ओला ठिपका जिथे उमटेल, तिथेच खरं दुखणं. हे मला दादानं शिकवलं.

गाड्यांखाली जाणं हा दादाचा रोजचा धंदा होता. एका गाडीखाली मात्र तो सायकलसकट गेला. त्याला जाऊन वर्ष झालं.

गाडी सिमेंटच्या एका व्यापाऱ्याची. तो थांबलासुद्धा नाही. पुढे कोर्टात, सायकलच आडवी आली असं साक्षीदार म्हणाला आणि व्यापारी निर्दोष सुटला. मी त्याच्या मागच्या बाकावर बसायचो. त्यानं एकदाही मान वळवली नाही. म्हणूनच असेल, तीन गॅरेजवाल्यांनी हात टेकल्यावर तो ऑइल गळणारी तीच गाडी घेऊन माझ्या दारात आला, तेव्हा त्यानं मला ओळखलं नाही. मिस्त्री, तुमचं नाव ऐकून आलोय, म्हणाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी मी किल्ली घेतली. माणूस आयता हातात सापडला होता आणि त्याचं वाटोळं व्हावं असं मला मनापासून वाटत होतं.

अडचण दादाचीच होती. दुखणं ठेवून गाडी दाराबाहेर सोडायची नाही, हा त्याचा नियम. वैर माणसाशी करावं, गाडीशी नाही, म्हणायचा. आणि काम संपेपर्यंत हात धुवायचा नाही. त्यापायी वहिनीशी त्याचं रोज वाजायचं, कारण घरातल्या दारांवर, फ्रीजवर, चहाच्या कपावर काळे ठसे. चार बोटं, त्यातलं मधलं अर्धं. उरलेलं तरुणपणी इंजिनाच्या पंख्यात गेलेलं. वहिनी त्याला साडेतीन बोटांचे साहेब म्हणायची.

मी इंजिन धुतलं, पावडर टाकली, चालू केलं. वरच्या झाकणाच्या कडेला ऑइल उमटलं. पण ठिपका नव्हता. शेजारी शेजारी चार डाग होते, त्यातला एक आखूड.

माझाच हात लागला असेल म्हणून मी ते पुसले. पण माझी बोटं पुरी आहेत. पुन्हा पावडर टाकली आणि हात पाठीमागे धरून उभा राहिलो. डाग पुन्हा उमटले, एकेक बोट सावकाश टेकवावं तसे.

वहिनी चहा घेऊन खाली आली. मी तिला डाग दाखवले. तिनं वाकून पाहिलं, बराच वेळ.

"अजून हात धुतले नाहीत यांनी," ती म्हणाली आणि कप ठेवून वर गेली.

झाकण उघडलं तर आतलं पॅकिंग शाबूत होतं. तरी मी नवं बसवलं, बोल्ट आवळले, परत पावडर टाकली. आता इंजिन पांढरं राहिलं. गळती थांबली होती. मला बरं वाटायला हवं होतं, पण रागच आला. वर्षभरानं येऊन दादानं एवढंच केलं?

मग नजर बाजूला गेली. ब्रेकच्या नळीवर थोडी पावडर उडाली होती. त्या पावडरीत साडेतीन बोटं होती.

नळीच्या नटाला हात लावला. तो सैल होता.

नियम तो नियम. मी नट आवळायला पाना लावला आणि कोणीतरी माझं मनगट धरलं.

घट्ट नाही. लहानपणी मी भलताच बोल्ट फिरवायला लागलो की दादा धरायचा, तसं.

खरं सांगतो, मनगट सोडवायला मी फार जोर केला नाही.

व्यापारी दुपारी आला. डोंगरावरच्या बंगल्यावर निघालोय, म्हणाला. वर चढायला काही वाटत नाही, उतरताना जरा जपावं लागतं.

"आता काळजी नाही ना?" त्यानं विचारलं.

"ऑइल गळणार नाही," मी म्हणालो.

निघताना तो थबकला. आपण कुठे भेटलोय का, असं त्यानं विचारलं. मी नाही म्हणालो.

मी पायरीवर बसून राहिलो. उन्हं कलली तरी उठावंसं वाटेना. शेवटी वहिनीनं वरून हाक मारली, हात धू आणि जेवायला ये.

मोरीत तिनं सकाळीच नवा साबण काढून ठेवला होता. तिथे दिवसभर कोणी गेलं नव्हतं.

नळ नुकताच बंद केल्यासारखा ठिबकत होता. साबणावर काळा फेस होता, अजून विरायचा होता.