‘झाला’ म्हटल्यानंतरचे फोटो

पुण्याच्या छायाचित्र-संग्रहालयात कोणते फोटो घ्यायचे ते ठरवणाऱ्या ‘नवलमापक’ यंत्रानं सकाळपासून भल्याभल्यांना पाणी पाजलं होतं. परदेश गाजवून आलेल्या फॅशनच्या फोटोला शंभरपैकी चार गुण, बक्षीस मिळवलेल्या वाळवंटाला सहा. मिरजेत चाळीस वर्षं पासपोर्ट फोटो काढणाऱ्या मुमताजबी तांबोळी पत्र्याची पेटी मांडीवर घेऊन हे बघत होत्या. दुकानाची जागा महिनाअखेर सोडायची होती. संग्रहालयानं पेटी नाकारली, तर आतले सगळे चेहरे रद्दीत जाणार होते, आणि त्या विचारानं त्यांना सकाळचा चहाही गेला नव्हता.

“यंत्रानं जगातले बहुतेक फोटो पाहिलेत,” यंत्राचे जनक डॉ. हर्षद गुर्जर सांगत होते. “अर्धा फोटो दाखवला की उरलेला ते ओळखतं. जेवढं चुकेल, तेवढे गुण. शिवाय पाहिलेलं ते शिकतं. एकच युक्ती दोनदा चालत नाही.”

त्यांच्या सहकारी डॉ. कल्याणी दिघे यांनी पेटीतला पहिला फोटो ठेवला. एक्क्याण्णव गुण.

“लागला तुक्का,” गुर्जर म्हणाले. “आता आपटेल.”

दुसऱ्याला नव्वद मिळाले. तीनशेव्याला ब्याण्णव. गुर्जरांनी दोनदा तारा तपासल्या.

“तुम्ही करता काय नेमकं?” कल्याणींनी विचारलं.

“काय नाय ओ. एक फोटो काढायचा, तो गिऱ्हाइकाचा. मग म्हणायचं, झाला. माणूस सैल पडतंय. तवा दुसरा काढायचा, तो माझा. विचारूनच ठेवलाय प्रत्येक.”

“म्हणजे पोज आपण इतरांच्या फोटोंवरून उचलतो, म्हणून ती यंत्राला पाठ आहे,” कल्याणी सावकाश म्हणाल्या. “सैल मात्र जो तो आपापल्या परीनं पडतो. त्यात शिकण्याजोगं काही नाहीच.”

“माझा काढा,” म्हणत गुर्जर हट्टानं मुमताजबींच्या कॅमेऱ्यासमोर खुर्चीत बसले. युक्ती ठाऊक असल्यानं ‘झाला’ ऐकूनही ते ताठच राहिले. यंत्रानं त्या फोटोला दोन गुण दिले.

आपल्याच यंत्राकडून दोन गुण. गुर्जर पडद्याकडे बघतच राहिले, आणि मुमताजबींनी कॅमेऱ्याचं बटण पुन्हा दाबलं.

त्या फोटोला सत्त्याण्णव मिळाले, दिवसातले सर्वांत जास्त.

“मी असा दिसतो?” गुर्जरांनी हलकेच विचारलं.

“समदी अशीच दिसत्यात, सायेब. कुणासारखीच नाय.”

गुर्जरांनी पेटी स्वतः उचलली. “हे सगळं लावायला आमच्या भिंती कमी पडतील, मुमताजबी.”

“मग नव्या बांधा की,” मुमताजबी म्हणाल्या.