तीन वाजता लाइट जाते

"आईची निळी साडी चोरीला गेलीय. आणि चोर कोण ते मला माहीत आहे."

आबांच्या मुलीचा फोन आला तेव्हा लाइटवाल्या ताई शिडीवर होत्या. त्या घरात उजेड मोजणारा सेन्सर त्यांनीच वर्षापूर्वी बसवला होता. आबांची नजर अंधार-उजेड कळण्यापुरतीच उरलेली; सांजावलं की दिवा आपोआप लागावा म्हणून.

अडीचला ताई पोचल्या. आबा पलंगावर, गलेलठ्ठ उशीला टेकून. दारात त्यांना सांभाळणाऱ्या मावशी, पिशवी भरून तयार. त्यांना काढून टाकलं होतं.

मुलीने मोबाइलवरची सेन्सरची नोंद पुढे केली. "हे बघा. आई गेल्यावर पंधरवड्याने सुरू झालंय. रोज तीनला खोलीतला उजेड तीनशे लक्सवरून दीडशेवर येतो. ही पडदा ओढून कपाट उचकते, दुसरं काय?"

"मावशी, तीनला कुठे असता?" ताईंनी विचारलं.

"घरी, जेवायला. चारला परत. आले की आबा म्हणतात, लाइट आली. मी म्हणते, गेली कधी होती?"

आबा उशीला आणखी रेलले.

ताईंनी पडदा ओढून पाहिला. आकडा बारा. पडदा सारून त्या खिडकीपुढच्या स्टुलावर बसल्या. आकडा नव्वद. मग मोबाइलवर मागचे महिने चाळत राहिल्या.

"आई होत्या तेव्हाचं पाहिलंत?"

"नाही. कशाला?"

"तेव्हाही तीन ते चार उजेड कमी व्हायचा. नव्वदवर यायचा."

मुलीने स्टुलाकडे पाहिलं. "तिथे बसून आई शिवायची."

"सेन्सर आबांच्या उशाशी आहे. त्याला दिसतं तेवढंच आबांना. जाड पडदा असेल तर बारा. माणूस बसलं तर नव्वद. दीडशे म्हणजे खिडकीच्या गजांवर टाकलेलं पातळ, सुती कापड. आणि तुम्ही कामावर, मावशी जेवायला, म्हणजे तीनला घरात एकच माणूस असतं." ताईंचा आवाज खाली आला. "आबा, साडी उशीच्या अभ्र्यात आहे ना?"

आबांचा हात उशीवर गेला.

"ती खिडकीत बसली की मी म्हणायचो, लाइट गेली. ती म्हणायची, बसा अंधारात. शेवटी शेवटी तेवढीच दिसायची मला. नुसती सावली." मग मुलीच्या दिशेने, "तू म्हणालीस, आईचे कपडे देऊन टाकते. म्हणून चोरली."

मुलीने मावशींच्या हातातली पिशवी घेतली आणि खुंटीला अडकवली.

"मावशी, मी उगाच..."

"राहू दे गं. जेवून येते मी."

तीन वाजले. मुलगी जाऊन स्टुलावर बसली.

आबा बराच वेळ तिकडे तोंड करून होते. "जरा डावीकडे सरक. ती तिथे बसायची."

ती सरकली.

"लाइट गेली," आबा म्हणाले.

बसा अंधारात, एवढंच म्हणायचं होतं. तिला ते म्हणता येईना.